यादीतून नाव कमी करण्याबाबत

ज्या वहीमुळे वाचनखोली हातची जायची वेळ आली, ती वही जावककाकांनी स्वतःच आखलेली होती.

काकांची चौतीस वर्षं एका मोठ्या कार्यालयाच्या आवक-जावक विभागात गेली. आलेल्या कागदाला क्रमांक, गेलेल्या कागदाला क्रमांक, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. निवृत्त झाल्यावर इमारतीच्या तळमजल्यावरच्या वाचनखोलीची किल्ली त्यांच्याकडे आली आणि पहिल्याच दिवशी त्यांनी एक जाडजूड वही आणून लाल शाईनं रकाने पाडले: तारीख, नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, कारण, सही. अकराशे पुस्तकं, दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि ती वही, एवढा तिथला संसार. काका साडेनऊला जात, साडेपाचला परत येत, मध्ये तासभर जेवायला घरी. निवृत्तीनंतर वेळ खायला उठतो म्हणतात. काकांची आणि त्याची कधी गाठच पडली नाही.

तर सोसायटीच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी ती वही उघडली. अध्यक्षांना त्या खोलीत व्यायामाची यंत्रं बसवायची होती. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं, आणि अध्यक्षांना चालायचं तर होतं, पण कुठं जायचं नव्हतं.

"वाचनखोलीत किती लोक येतात हे मी मनाचं सांगत नाही," अध्यक्ष म्हणाले. "वहीच सांगतेय. वर्षभरात तीनशे बारा नोंदी. तीनशे बाराच्या तीनशे बारा एकाच सभासदाच्या. कारणाच्या रकान्यात दरवेळी 'वाचन'."

सभेत हशा पिकला. काका उठून उभे राहिले. आता हा माणूस काहीतरी सणसणीत बोलणार म्हणून सगळे गप्प झाले.

"नोंद अचूक आहे," काका म्हणाले आणि खाली बसले.

झालं. ठराव मांडला गेला आणि मंजूरही झाला. तीन आठवड्यांनी येणाऱ्या रविवारी, सकाळी दहा ते अकरा या वेळात, चाळीस वेगवेगळ्या सभासदांनी वाचनखोलीत समक्ष येऊन याच वहीत सही केली, तर खोली राहील. एकोणचाळीस आले तरी पुस्तकं रद्दीत. "आणि जावककाकांची सही धरायची नाही," अध्यक्ष म्हणाले, "ती भरपूर झाली." यावर पुन्हा हशा पिकला. काका त्या दिवशी जिना चढताना दोनदा थांबले, आणि एकदाही दम लागला म्हणून नव्हे. सकाळी साडेनऊला कुठं जायचं, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता.

घरी आल्यावर त्यांनी सगळं काकूंना सांगितलं. हे वेगळं सांगायला नको, कारण काका सगळंच काकूंना सांगत. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. रोज सकाळच्या चहाला आदल्या दिवसाचा साद्यंत वृत्तांत होई, आणि काकू वाटाणे सोलता सोलता नाहीतर वर्तमानपत्राचं कोडं सोडवता सोडवता "हं, मग?" म्हणत. त्या दिवशी मात्र त्या कोडं बाजूला ठेवून म्हणाल्या, "सूनबाईला फोन करा. तिचं कामच आहे ना ते, लोकांना बोलवायचं."

सूनबाई दुसऱ्या शहरात एका कंपनीत होती. तिथं ती नेमकं काय करते हे काकांनी लग्न ठरताना एकदा विचारलं होतं, आणि उत्तर न कळल्यामुळे "वा वा" म्हटलं होतं. आता नीट विचारलं.

"बाबा, आम्ही लोकांना ई-मेल पाठवतो. कुणाला काय पाठवायचं, कधी पाठवायचं, मग ते त्यांनी उघडलं की नाही, हे सगळं बघतो."

"म्हणजे जावक विभाग!" काका खुर्चीतून उठलेच. पोरगा इंजिनियर झाल्यापासून आपल्या पेशाचं आता घरात कुणी नाही, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. ती खंत त्या दिवशी मिटली.

सूनबाईनं तिकडून त्यांच्या कॉम्प्युटरवर मेल पाठवण्याची एक फुकटची व्यवस्था लावून दिली, इमारतीतले बासष्ट पत्ते त्यात भरून दिले, आणि तासभर एकेक गोष्ट समजावली. काकांनी वहीच्या कोऱ्या पानावर 'संज्ञा' असा मथळा घालून सगळं उतरवून घेतलं. सब्जेक्ट लाइन म्हणजे पाकिटावरच दिसणारा विषय. तो आवडला तर माणूस आत जातो. कॉल टू अ‍ॅक्शन म्हणजे वाचून झाल्यावर माणसानं नेमकं काय करावं ते. आपल्या पत्रात खाली 'मी येणार' असं बटण. बटण दाबलं की तो क्लिक. आणि शंभरातल्या किती जणांनी पत्र उघडलं, तो ओपन रेट.

"थांब," काका म्हणाले. "उघडलं की कळतं?"

"कळतं ना. कुणी उघडलं, किती वाजता, किती वेळा."

काकांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "सूनबाई, चौतीस वर्षं मी कागद पाठवले. लाखाच्या घरात असतील. एकाही माणसानं ते उघडलं की नाही, मला कधी कळलं नाही."

सूनबाईच्या हातात दुसरी चार कामं होती. पण त्यानंतर तिनं घाई केली नाही.

पहिलं पत्र सोमवारी सकाळी गेलं. वर जावक क्रमांक, मग विषय, मग संदर्भ, मग 'उपरोक्त विषयास अनुसरून'. बासष्टपैकी नऊ जणांनी उघडलं. बटण कुणीच दाबलं नाही. संध्याकाळी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे विमेवाले भेटले.

"दुपारी दोन वाजून चौदा मिनिटांनी उघडलंत," काका प्रसन्नपणे म्हणाले. "पण बटणाला हात लावला नाहीत."

विमेवाले आयुष्यभर लोकांच्या मागे लागून पोट भरत आलेले. आपल्या मागे कुणी लागलं की कसं वाटतं, हे त्यांना त्या जिन्यात पहिल्यांदा कळलं. "जेवण झालं होतं, जरा डुलकी..." असं काहीतरी पुटपुटत ते वर गेले, आणि रात्री त्यांनी बायकोला विचारलं, की आपल्या फोनमधून जावककाकांना आपण दिसतो का.

दोन दिवसांत ही गोष्ट इमारतभर झाली. ज्यांनी पत्र उघडलं होतं, ते काका दिसले की लिफ्टची वाट पाहू लागले. ज्यांनी उघडलं नव्हतं, त्यांची मात्र धडगत नव्हती. न उघडलेलं पत्र म्हणजे न पोचलेलं पत्र, आणि न पोचलेलं पत्र टेबलावर पडू देणारा माणूस काका नव्हते. ते त्याची छापील प्रत काढत, सकाळी सव्वासातला त्या घराची बेल वाजवत आणि पोच म्हणून सही घेत. दातांचे डॉक्टर तोंडात ब्रश घेऊन दारात आले, तसेच सही करून आत गेले.

सल्ले सुरू झाले. ते होणारच होते. विमेवाले म्हणाले, काहीतरी भेटवस्तू ठेवा. डॉक्टर म्हणाले, मी फुकट दात तपासून देतो, फक्त माझं नाव मोठ्या अक्षरात टाका. चौथ्या मजल्यावरच्या भूगोलबाई, म्हणजे शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या आणि आता एकट्याच राहणाऱ्या बाई, म्हणाल्या की पत्रासोबत वाचनखोलीचा नकाशा जोडा. लोकांना दिशाच कळत नाहीत. वाचनखोली जिन्याच्या पायथ्याशीच होती. तरी काकांनी नकाशा जोडला, उत्तर दिशा दाखवून.

त्यानंतर सूनबाईनं ए-बी टेस्टिंग शिकवलं. मजकूर तोच, पण सब्जेक्ट लाइन दोन. निम्म्या लोकांना एक, निम्म्यांना दुसरी. जी जास्त उघडली जाईल ती खरी. एक ओळ काकांनी स्वतः काढली: 'वाचनखोली – अतितातडीचे'. दुसरी सूनबाईनं दिली. तिच्या कंपनीत रुसलेल्या गिऱ्हाइकांना तीच ओळ पाठवत, आणि ती हमखास चाले म्हणे: 'तुमची खूप आठवण येते'. काकांनी विषम क्रमांकाच्या घरांना तातडी पाठवली आणि सम क्रमांकाच्या घरांना आठवण. यात त्यांचा कुठलाही हेतू नव्हता. आवक-जावक विभागात माणसाला हेतू नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दूध आणायला गेले होते, तेव्हा दारात भूगोलबाई उभ्या. त्यांचा आवाज तीस वर्षांत शेवटच्या बाकापर्यंत पोचायला शिकलेला.

"तुमच्या ह्यांना माझी खूप आठवण येते म्हणे," त्या काकूंना म्हणाल्या. "सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी!"

तीन मजल्यांवरची दारं किंचित उघडली. काकूंनी भूगोलबाईंचा फोन घेऊन पत्र वाचलं, मग आपला उघडला.

"मला 'अतितातडीचे' आलंय," त्या म्हणाल्या.

एवढ्यात काका दूध घेऊन आले. त्यांनी प्रकार ऐकून घेतला आणि शांतपणे खुलासा केला. ही चाचणी आहे. सम घरांना आठवण, विषम घरांना तातडी. बाईंचं घर बारा नंबर, सम. आपलं सात, विषम. यात वैयक्तिक काही नाही. वरून डॉक्टर ओरडले, "मलाही आठवण आलीय, काका! मी कुठं काय बोललो?" भूगोलबाई जरा वरमल्या, आणि थोड्या नाराजही झाल्या. आपली आठवण काढली ती घराच्या नंबरावरून, हे काही त्यांना तितकंसं रुचलं नाही.

चाचणीचा निकाल मात्र थक्क करणारा होता. एकतीस विषम घरवाल्यांपैकी सहा जणांनी पत्र उघडलं, आणि एकतीस सम घरवाल्यांपैकी अठ्ठावीस जणांनी. 'मी येणार' हे बटण एकूण सात जणांनी दाबलं, त्यातल्या दोघांनी चुकून. काका जेवताना हे आकडे मोठ्या उत्साहानं काकूंना सांगत होते. काकू भात वाढत होत्या.

"छत्तीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या, "आणि मी तातडीत."

"अगं, नंबर विषम आहे आपला."

"हो, कळलं ते."

त्याच आठवड्यात बाउन्स आला. बाउन्स म्हणजे पत्र न पोचता परत येणं, आणि परत आलं ते नेमकं अध्यक्षांचं. त्यांचा मेलचा डबा काठोकाठ भरला होता. परत आलेला कागद संबंधितास समक्ष नेऊन द्यायचा, हा नियमच आहे. काका अध्यक्षांकडे गेले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "आपला डबा भरलाय. जागा करा, मी थांबतो." अध्यक्षांनी फोन उघडला तर चौदा हजार न वाचलेली पत्रं. दोन तास अध्यक्ष पत्रं पुसत होते आणि काका शेजारी बसून "हे महत्त्वाचं वाटतंय, बघा," असं सांगत होते. त्यातून अध्यक्षांना त्यांच्याच मेव्हण्याचं दोन वर्षांपूर्वीचं लग्नाचं निमंत्रण सापडलं. आपण का गेलो नाही आणि मेव्हणा का बोलत नाही, याचा उलगडा अध्यक्षांच्या बायकोला तिथल्या तिथं झाला. डबा रिकामा झाला, काकांची साठलेली पत्रं धडाधड आत आली, आणि अध्यक्षांच्या घरातली शांतता गेली ती गेलीच.

आणि मग दुसरा सोमवार उजाडला. काकांनी सकाळी कॉम्प्युटर उघडला तर एक सूचना होती: यादीतून एक नाव कमी झालं आहे.

प्रत्येक पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात 'अनसबस्क्राइब' म्हणून एक दुवा असतो, तो दाबला की पत्रं बंद, हे सूनबाईनं सांगितलं होतं. काकांनी ते लिहूनही घेतलं होतं. पण हे दुसऱ्यांना लागू असतं, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी नाव पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पत्ता काकूंचा होता. काकू तेव्हा शेजारच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होत्या.

"तू नाव काढलंस?"

"काढलं." काकूंनी घडी मोडली नाही. "सकाळी चहाला तुम्ही सांगता तेच दुपारी मेलमध्ये येतं. मग जेवताना, मी मेल उघडलं का, ते विचारता. एकदा ऐकलं की पुरे की हो!"

काकूंच्या बोलण्यात राग नव्हता. होती ती सोय. पण बासष्टच्या बासष्ट जणांनी पाठ फिरवली असती तरी काकांना जे लागलं नसतं, ते लागलं. ज्या माणसाला आपण सगळं सांगतो, त्यालाच ते नको होतं, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहालाही काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंनी "मग? बटण किती जणांनी दाबलं?" असं विचारलं, तर काका "चाललंय" म्हणाले आणि कप विसळून साडेनऊच्या आधीच खाली गेले.

तिकडे वाचनखोलीत बसून त्यांनी सूनबाईची शेवटची संज्ञा अमलात आणली. ड्रिप कॅम्पेन, म्हणजे एकदम मारा करायचा नाही. थोड्या थोड्या अंतरानं एकेक पत्र सोडायचं. काकांनी याचा सरळ अर्थ स्मरणपत्र असा केला, आणि स्मरणपत्रात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्मरणपत्र क्रमांक एक सकाळी, दोन दुपारी, तीन चहाच्या वेळी. मनात साठलेलं घरी सांगता येत नव्हतं, तेही पत्रांत उतरू लागलं. आज पंखा जास्त कुरकुरला. पुस्तक क्रमांक चारशे सहाची पानं सुटली, खळ लावून चिकटवली. माणूस बोलत नसला की खोली मोठी वाटते. हे सगळं इमारतीत जात होतं, फक्त सात नंबरमध्ये येत नव्हतं.

माणसं पटापट नावं काढू लागली. आधी विमेवाले, मग डॉक्टर, मग भूगोलबाई. दर तासाला एखादी सूचना यायची. आता तुम्ही म्हणाल, दुवा दाबला, नाव गेलं, विषय संपला. काकांच्या लेखी तो तिथं सुरू झाला. अर्ज नाही, कारण नाही, सही नाही. असं कुणी कुठून जातं का? काकूंचं नाव त्यांनी मुकाट्यानं कमी केलं होतं, पण बाकीची सगळी नावं 'निर्णय प्रलंबित' या शीर्षकाखाली घेतली. आणि निर्णय होईपर्यंत सेवा खंडित करता येत नसल्यामुळे, या मंडळींना प्रत्येक स्मरणपत्राची छापील प्रत घरपोच देणं सुरू केलं. दिवसातून तीनदा. बेल वाजवून, पोच घेऊन.

"अहो काका, मी काढलंय ना नाव!" विमेवाले दारात हात जोडून म्हणाले.

"विनंती मिळाली आहे," काका म्हणाले. "विचाराधीन आहे."

सूनबाईला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनमधून ऐकू आला. "बाबा, आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं पाप नाही! ज्याला जायचंय त्याला एका बोटात जाता आलं पाहिजे."

"एका बोटात," काका म्हणाले, "फक्त अंगठा उठवतात. आणि तोही साक्षीदारासमोर."

शेवटी शुक्रवारी एक नोटीस निघाली. सर्व पत्त्यांवर, छापील प्रत दारोदार, एक प्रत लिफ्टमध्ये. 'विषय: यादीतून नाव कमी करण्याबाबत. ज्यांना यापुढे पत्रे नको असतील, त्यांनी रविवारी सकाळी दहा ते अकरा या वेळात वाचनखोलीत समक्ष येऊन, वहीत कारण नमूद करून सही करावी. दूरध्वनीवरील विनंती ग्राह्य धरली जाणार नाही.' हीच वेळ का, असं कुणी विचारलं असतं तर काकांनी सांगितलं असतं, की त्या वेळी मी तिथं असणारच आहे, पुन्हा वेगळा दिवस कशाला? खरोखर, एवढंच त्यांच्या मनात होतं. खोली वाचेल ही आशा त्यांनी सोडली होती. 'मी येणार' म्हणणाऱ्या सातांपैकी पाच जण नाव काढून मोकळे झाले होते. आता जाता जाता हातातलं काम पुरं करायचं, टेबलावर प्रलंबित काही ठेवायचं नाही, इतकंच.

रविवारी काका इस्त्रीचा सदरा घालून पावणेदहाला खाली गेले. काकूंनी चहा ठेवला होता. तो त्यांनी उभ्यानं घेतला. "आज काय होणार?" काकूंनी विचारलं. "बघू," काका म्हणाले.

दहाला पाच कमी असताना भूगोलबाई आल्या. मागून विमेवाले, त्यांची बायको, डॉक्टर, आणि मग जिन्यातून पावलांचा असा आवाज सुरू झाला की काकांना क्षणभर कार्यालयातला पगाराचा दिवस आठवला. अध्यक्षही आले. ते सह्या मोजायला आले होते. दाराशी खुर्ची टाकून, घड्याळ मांडीवर ठेवून बसले.

काकांनी तीच लाल रकान्यांची वही उघडली आणि घाई केली नाही. प्रत्येकाची तारीख, नाव, वेळ, मग "कारण?" विमेवाल्यांनी 'झोपमोड' लिहिलं. डॉक्टरांनी 'दाढी अर्धवट राहते' असं लिहिलं. भूगोलबाईंनी बराच विचार करून 'आठवण फक्त एकदाच आली' असं लिहिलं आणि वर पोच मागितली. काकांनी प्रत्येकाला क्रमांक घालून पोच दिली. त्यामुळे रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. रांगेतली माणसं उभी राहून कंटाळली, मग हाताला लागेल ते पुस्तक काढून चाळू लागली. भूगोलबाईंना एक जुना नकाशासंग्रह सापडला. त्यातल्या चुका काढायला त्या पोच घेऊनही मागे थांबल्या. कुणीतरी पंख्याखाली बूड टेकलं. एक तर चक्क "हळू बोला," म्हणाला.

पावणेअकराला वहीत अडतीस सह्या होत्या. रांग संपली होती. आतली माणसं वाचत होती, बाहेर कुणी उरलं नव्हतं. मोजणी सगळ्यांना माहीत होती. काका पेनचं टोपण लावून समोर बघत बसले.

अध्यक्ष खुर्चीत चुळबुळत होते. त्यांच्या खिशातही एक अर्ज होता. मेव्हण्याच्या प्रकरणापासून घरात ई-मेल हा शब्द काढायची सोय नव्हती, आणि काकांची बेल मात्र दिवसातून तीनदा वाजत होती. त्यांनी मनाशी हिशोब केला. आपण सही केली तर एकोणचाळीस होतात. एकोणचाळीस म्हणजे चाळीस नव्हेत. नावही निघेल आणि खोलीही मिळेल. दहा पंचावन्नला ते ऐटीत उठले आणि 'कौटुंबिक' असं कारण लिहून सही केली.

"पाच मिनिटं राहिली," ते काकांना म्हणाले. "चांगला प्रयत्न केलात हो. मनापासून सांगतो."

काकांनी त्यांना पोच लिहून दिली. पोच क्रमांक एकोणचाळीस. खोलीत आता सगळ्यांची पुस्तकं मिटली होती. रद्दीवाला किती वाजता येणार आहे, हे विचारायचा धीर कुणाला झाला नाही.

अकराला तीन मिनिटं असताना दारात काकू आल्या. पदराला हात पुसत, पायात घरातल्याच चपला. त्या सरळ टेबलापाशी गेल्या.

"वही द्या."

"तुझं नाव यादीत नाही," काका वर न बघता म्हणाले. "आधीच कमी झालंय. आजच्या नोंदी नाव कमी करणाऱ्यांच्या."

"अहो काका!" विमेवाले ओरडले. भूगोलबाईंनी नकाशासंग्रह आपटला.

"कारणाचा रकाना आहे ना?" काकू म्हणाल्या. "मग मी कारण लिहिते. कुठल्याही कारणानं आलेलं माणूस नोंदवायचं, हेच सांगत आलात ना इतकी वर्षं?"

नियमापुढे काकांचा इलाज चालत नसे. त्यांनी वही फिरवली. काकूंनी पेन घेतलं आणि एकेक अक्षर नीट काढत, छत्तीस वर्षं ऐकून ऐकून पाठ झालेल्या भाषेत लिहिलं: 'चौदा दिवसांपासून घरातून माहिती मिळणे बंद झाले आहे. सबब नाव यादीत पुन्हा घ्यावे.' खाली सही केली.

काकांनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले, हे लपवायला त्यांनी मान खाली घालून पोच लिहायला घेतली आणि चाळीसचा आकडा दोनदा गिरवला. तोवर डॉक्टरांनी टाळ्या सुरू केल्या होत्या. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, वही पाहिली, आपलीच सही पाहिली, आणि ठरावात "घरची माणसं वगळून" हे शब्द घालायचे राहून गेल्याबद्दल ते पुढचं वर्षभर सेक्रेटरीला बोलत होते.

दुपारी सूनबाईचा फोन आला. काकांनी आकडे सांगितले.

"बासष्टपैकी चाळीस!" ती किंचाळली. "बाबा, चौसष्ट टक्क्यांच्या वर कन्व्हर्जन रेट! आमच्याकडे दोन टक्के आले तर साहेब ऑफिसला पार्टी देतो."

"पण एकोणचाळीस जण नाव काढायला आले होते गं."

"कशासाठी आले ते कुणी विचारत नाही, बाबा. आले ना?"

सोमवारी साडेनऊला काकांनी वाचनखोली उघडली. यादीत आता मोजकीच नावं उरली होती. त्यांनी एक पत्र लिहिलं, एकाच पत्त्यावर पाठवायचं. मजकूर दोन ओळींचा: अर्ज मंजूर करण्यात येत आहे, उद्यापासून चहाच्या वेळी माहिती पूर्ववत दिली जाईल. सब्जेक्ट लाइनीपाशी ते बराच वेळ थांबले. मग घरांचे सम-विषम नंबर बाजूला ठेवून त्यांनी लिहिलं, 'तुमची खूप आठवण येते', आणि पत्र सोडलं.

ते पत्र दहा वाजून चार मिनिटांनी उघडलं गेलं. पुन्हा साडेदहाला. पुन्हा जेवणाआधी. एकूण पाच वेळा. काका दुपारी जेवायला घरी गेले, आमटीत मीठ थोडं जास्त होतं तेही बोलले नाहीत, आणि पत्र किती वाजता, किती वेळा उघडलं, याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.